भिंतीवरचे कर्मचारी

ज्याला घरात खिळा ठोकता येत नाही तो इंजिनिअर होतो, असं माझ्या बायकोचं मत आहे. हे मत तिने लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बनवलं आणि ते बदलण्याची संधी मी तिला आजवर दिलेली नाही. वास्तविक मी सिग्नलचा इंजिनिअर. चौकातला दिवा किती वेळ लाल राहावा आणि किती वेळ हिरवा, हे ठरवण्यात माझी अख्खी नोकरी गेली. या कामात खिळा कुठेच येत नाही. पण हे ऐकून घ्यायला घरात कुणाला वेळ नसतो. नातेवाइकांत तर माझी ओळख 'ज्याच्यामुळे उशीर होतो तो' अशीच आहे. माझा मेहुणा कुठेही उशिरा पोचला की दारातूनच म्हणतो, "भाऊजी, तुमच्या त्या पुलाखालच्या सिग्नलने आज जीव काढला." त्या दिवशी तो पायी आलेला असला तरी म्हणतो.

असो. मुद्दा घड्याळांचा आहे.

आमच्या शाळेची जुनी इमारत पाडायची ठरली, तेव्हा माजी विद्यार्थ्यांना निरोप आला की आठवण म्हणून काही न्यायचं असेल तर शनिवारी येऊन न्या. आता, माझी शाळा आंतरराष्ट्रीय. हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग माझ्या चपलांकडे बघतात. म्हणून लगेच खुलासा करतो: माझी आई त्या शाळेच्या दवाखान्यात नर्स होती आणि नर्सच्या मुलाला फी माफ होती. बाकीची पोरं वकिलातीतल्या साहेबांची, कारखान्यांच्या मोठ्या अधिकाऱ्यांची, कुठल्या कुठल्या देशांतून आलेली. मी मागच्या गल्लीतून आलेलो. पोटात दुखो, गुडघा फुटो, नाहीतर घरच्या आठवणीने रडू येवो, दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक पोराला आई आधी मराठीत विचारायची, "जेवलास का?" मग उपचार. त्यामुळे त्या शाळेत जगभरची मुलं होती आणि त्या सगळ्यांना मिळून मराठीतले हे दोनच शब्द येत होते.

या मुलांची गंमत अशी की ती टिकायची नाहीत. दोन-तीन वर्षं झाली की वडिलांची बदली व्हायची, आणि एका सोमवारी बाक रिकामा दिसायचा. मग नवीन कुणीतरी यायचं. आमच्या भूगोलाच्या बाईंना हे बघवेना. त्यांनी पहिल्या मजल्याच्या लांब व्हरांड्यात एक रिवाज सुरू केला. आमच्या वर्गात नवीन मूल आलं की त्याच्या गावची वेळ दाखवणारं एक घड्याळ भिंतीवर लागायचं. काटे त्या मुलाने स्वतः फिरवायचे. मूल गेलं तरी घड्याळ राहायचं. बाई म्हणायच्या, "माणूस लांब गेला म्हणून काय झालं, तिथे किती वाजलेत ते तरी आपल्याला माहीत हवं."

या घड्याळांचे सेल बदलणं, मागेपुढे झालेले काटे जागेवर आणणं, हे काम माझ्याकडे आलं. कारण उघड होतं. बाकी सगळे जाणारे होते, मी राहणारा होतो. स्टुलावर चढून मी पहिली यंत्रं उघडली ती तिथे, आणि मी इंजिनिअर होणार हे आईने त्या स्टुलाखाली उभं राहून जाहीर केलं. कुठलं कुणाचं ते लक्षात राहावं म्हणून मी प्रत्येकाच्या चकतीवर खाली मराठीत टोपणनाव रंगवलं. लंबू. चिंगी. राजदूत. कुलूप, कारण तो वर्षभर बोललाच नव्हता. आणि शिंकरा.

शिंकरा माझा जिवलग. त्याला आमच्या हवेतल्या प्रत्येक गोष्टीचं वावडं होतं. खडू, गवत, चादरी, गणिताचे सर. शिंकून शिंकून तो रोज दवाखान्यात जायचा आणि तिथून 'जेवलास का' या उपचाराने बरा होऊन परत यायचा. सातवीत त्याच्या वडिलांची बदली झाली. जाताना त्याने माझा हात धरून सांगितलं, "माझं घड्याळ बंद पडू देऊ नकोस." मी शाळा सोडेपर्यंत ते एकदाही बंद पडलं नाही. पुढे मात्र ते कुणी बघितलं असेल असं वाटत नाही.

माझं स्वतःचं घड्याळ त्या भिंतीवर नव्हतं. एकदा मी बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "अरे, तू इथलाच. ते मुख्य दारावरचं मोठं घड्याळ तुझंच की." आता ते मोठं घड्याळ सगळ्या शाळेचं होतं, आणि मुलं उशिरा येतात म्हणून मुख्याध्यापकांच्या हुकमावरून सात मिनिटं पुढे लावलेलं होतं. म्हणजे माझ्या वाट्याला जे आलं ते सगळ्यांचं, आणि वर चुकीचं. मी बाईंसमोर मान हलवली. वाईट वाटलं, हे आज सांगायला हरकत नाही.

तर त्या शनिवारी मी शाळेत गेलो. बाकीचे माजी विद्यार्थी फोटो घेत होते. व्हरांडा रिकामा होता, भिंतीवर अकरा फिकट गोल उरले होते, आणि घड्याळं भंगारवाल्याच्या पेटीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. मी पेटीसकट उचलली.

"हे काय आणलंत?" बायकोने दारातच विचारलं.

"माझा वर्ग," मी म्हटलं.

"एकच लावा," ती म्हणाली. "चांगलं चालणारं."

पण एकच कुठलं लावणार? कुणाला वगळणार? आमच्या घरात हॉलपासून झोपायच्या खोलीपर्यंत एक अरुंद बोळ आहे. तिथली भिंत कायम रिकामी होती. ती मी निवडली, मापं घेतली, आणि नकाशा काढला.

"खिळ्याला नकाशा?" बायको म्हणाली.

तिच्याकडे दुर्लक्ष करून मी हिशोब मांडला. घड्याळाचं वजन असेल अर्धा किलो, पण सुरक्षिततेसाठी मी ते दहा किलो धरलं. आमच्या धंद्यात याला दूरदृष्टी म्हणतात. या दूरदृष्टीला साजेसे स्क्रू मी दुकानदाराकडे मागितले. त्याने विचारलं, "पूल बांधताय का?" मी अकरा घेतले. इमारतभर ड्रिलचा आवाज फिरला की सल्ले फुकट मिळतात, ते मात्र मी घेतले नाहीत. समोरच्या काकू दारात उभं राहून म्हणाल्या, "भिंत पातळ आहे हो, आमच्याकडे साधी खुंटी ठोकली तर पलीकडचा म्हणाला, 'कोण आहे?'" मी त्यांना हसून सांगितलं की यामागे गणित आहे.

अकरावा स्क्रू बसला आणि बेल वाजली. दारात शेजारचे बँकवाले काका होते. निवृत्त बँक मॅनेजर, वयाने मोठे, आवाजाने त्याहून मोठे. त्यांनी मला दंडाला धरलं आणि आपल्या झोपायच्या खोलीत नेलं. त्यांच्या पलंगाच्या डोक्याशी असलेल्या भिंतीतून अकरा स्क्रूंची टोकं बाहेर आली होती. एका सरळ रेषेत, समान अंतरावर. कामात सफाई होती हे शत्रूनेही मान्य केलं असतं.

"मी दुपारची झोप घेत होतो," काका म्हणाले. "मला वाटलं, कुणीतरी मला मोजतंय."

मी क्षमा मागितली, टोकं कापून देतो म्हणालो. काका गुरगुरत राहिले. पण दुसऱ्या दिवशी टोकं कापायला म्हणून गेलो तर पहिल्या टोकावर त्यांची टोपी, दुसऱ्यावर छत्री, तिसऱ्यावर पंचा आणि चौथ्यावर बाजाराची पिशवी लटकत होती. "राहू द्या आता," ते म्हणाले. "आमच्याकडे खुंट्यांची पंचाईतच होती. पण स्क्रू काढायचे असतील तर आधी मला विचारायचं." अशा रीतीने माझ्या भिंतीवर त्यांचा हक्क प्रस्थापित झाला.

घड्याळं लागली. नवे सेल घालून ज्याच्या त्याच्या गावची वेळ लावली, आणि अकराही चालू झाली, शिंकऱ्याचं सुद्धा. त्या रात्री, म्हणजे इथल्या रात्री, मी बोळात खुर्ची टाकून बसलो आणि कुणाकडे उजाडतंय, कुणाकडे शाळा सुटतेय, ते बघत राहिलो. बायको दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा तिने पांघरूण आणून दिलं आणि काही बोलली नाही.

बोलण्याचं काम इतरांनी केलं. मेहुणा मुक्कामाला आला होता. तो पहाटे पाणी प्यायला उठला, त्याने झोपेत कुलूपच्या घड्याळात वेळ बघितली आणि अंघोळ करून, डबा भरून, स्टॅन्डवर जाऊन बसला. पहिली गाडी यायला अजून चिक्कार वेळ होता. परत आल्यावर म्हणाला, "भाऊजी, रस्त्यावर थांबवत होतात ते पुरे नव्हतं का?" भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी राजदूतच्या घड्याळाप्रमाणे 'सहा वाजले' म्हणून अर्ध्यात काम सोडलं, आणि मी अडवलं तर म्हणाल्या, "घड्याळ तुमच्याच घरातलं आहे ना?" या युक्तिवादाला आमच्या खात्यातल्या मोठ्या साहेबांकडेही उत्तर नव्हतं.

खरा घोळ कुरियरवाल्याने घातला. पार्सल देताना त्याने माझ्या खांद्यावरून आत बघितलं आणि म्हणाला, "ऑफिस आहे होय? मग शिक्का मारा." ही बातमी जिन्याने खाली उतरली आणि लिफ्टने वर गेली. दोन दिवसांत एक गृहस्थ परदेशी नोटा बदलून मिळतील का विचारायला आले. समोरच्या काकू वाटीभर साखर मागायच्या निमित्ताने येऊन म्हणाल्या, "आमच्या भाच्याला चिकटवा ना कुठेतरी. रात्रपाळीसुद्धा चालेल." मी शपथेवर सांगितलं की हा धंदा नाही, शाळेच्या आठवणी आहेत. काकूंचा चेहरा उतरला. "नाही म्हणायचं तर सरळ नाही म्हणा," त्या म्हणाल्या आणि साखर न घेता गेल्या.

पुढच्या आठवड्यात पालिकेची नोटीस आली. राहत्या जागेत विनापरवाना व्यवसाय. तक्रार कुणी केली हे मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते मी काकूंच्या दाराकडे बघत मोठ्याने बोलत नाही.

तपासायला अधिकारी आले ते सांगितल्या वेळेपेक्षा उशिरा. "त्या पुलाखालच्या सिग्नलला अडकलो," घाम पुसत ते म्हणाले. "कुठल्या गाढवाने लावलाय कोण जाणे." बायकोने माझ्याकडे बघितलं. मी पाणी आणायला आत गेलो.

साहेब बोळात उभे राहिले आणि खिशातून चष्मा काढून एकेक नाव वाचू लागले. बँकवाले काका आपल्या खुंट्यांच्या काळजीने आधीच हजर होते.

"हे लंबू कोण?"

"माझ्या वर्गातला मुलगा."

"पगार किती?"

"साहेब, तो सहावीत होता."

"बालकामगार?" साहेबांची भुवई वर गेली.

"तेव्हा सहावीत होता! आता असेल साठीचा."

"म्हणजे निवृत्तीनंतरही कामावर ठेवलंय." त्यांनी पुढच्या घड्याळाकडे बोट केलं. "आणि हे शिंकरा, यांचे दहा वाजत आलेत. हे रात्रपाळीला दिसतात."

मी त्यांना सगळं सांगितलं. शाळा, बाई, बदल्या, स्टूल. सांगता सांगता मला स्वतःलाच ते खोटं वाटायला लागलं. साहेब शांतपणे ऐकत होते. माणूस वाईट नव्हता, फक्त असल्या गोष्टी त्याने आयुष्यभर ऐकल्या होत्या. शेवटी ते म्हणाले, "हे बघा, मला इतकंच दिसतं: अकरा घड्याळं, अकरा नावं, अकरा वेळा. तुम्ही म्हणता मित्र आहेत. मग यातल्या एकाशी तरी माझ्यासमोर बोला. तो म्हणाला की मित्र आहे, तर मी तसं लिहितो. नाहीतर भिंत मोकळी करा."

"भिंत मोकळी कशी करणार?" काका ओरडले. "माझी छत्री आहे तिथे!"

मी मोबाइल खिशातच ठेवला. बायकोला वाटलं मला नंबर माहीत नाही. नंबर होता. शाळेने निरोपासोबत सगळ्या माजी विद्यार्थ्यांचे नंबर पाठवले होते, आणि शिंकऱ्याचा नंबर मला त्याच दिवशी सापडला होता. मी लावला नव्हता. कारण साधं होतं. जो जातो तो निघतानाचा एक चेहरा लक्षात ठेवतो की नाही, कुणास ठाऊक. जो मागे राहतो त्याला सगळे लक्षात राहतात. त्याने अशा किती शाळा बदलल्या असतील, किती मित्र मागे टाकले असतील. मी फोन केला असता आणि तो सभ्यपणे म्हणाला असता, 'माफ करा, कोण बोलतंय?' तर ही भिंत, हा बोळ, ते स्टूल, सगळं एका माणसाचं वेड ठरलं असतं. भिंतीवर घड्याळ चालू होतं तोवर ते ठरत नव्हतं.

"अहो," बायको हळू आवाजात म्हणाली, "लग्न झाल्यापासून मी या शिंकऱ्याबद्दल ऐकतेय. एकदा मलाही कळू दे, आहे का तो."

मी शिंकऱ्याच्या घड्याळाकडे बघितलं. तिथे सकाळचे दहा वाजत आले होते. फोन करायला अगदी योग्य वेळ. मी नंबर लावला आणि साहेबांच्या सांगण्यावरून आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. बराच वेळ घंटी वाजली. मग पलीकडून एक जाड, झोपाळू आवाज आला.

आमचं बोलणं शाळेच्या भाषेत झालं, ते मी मराठीत करून सांगतो.

"कोण आहे? किती वाजलेत माहीत आहे का?"

"सकाळचे दहा," मी आत्मविश्वासाने म्हणालो.

"पहाट आहे! ते गाव सोडून मला तीस वर्षं झाली. मी आता भलतीकडेच राहतो. कोण बोलतंय?"

साहेबांनी पेनाचं टोपण उघडलं. इतक्या निगुतीने चालू ठेवलेलं ते घड्याळ ज्या गावची वेळ दाखवत होतं, तिथे तो नव्हताच. शाळा सोडल्यावर मी आयुष्यभर वेळेचंच काम केलं आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही, की ज्यांना इथून बदली होते त्यांना तिथूनही होऊ शकते.  मी माझं नाव सांगितलं. शाळेचं नाव सांगितलं. आवाज इतका बारीक झाला होता की काकांनी कानाला हात लावला.

पलीकडे पलंग करकरला. मग एक शिंक. खणखणीत, ओळखीची, गणिताच्या तासाला फळ्यावरचा खडू उडवणारी शिंक. आणि मग, मोडक्या उच्चारांत, पण स्वच्छ मराठीत:

"जेवलास का?"

बायकोने तोंडावर पदर धरला.  "हो," एवढंच म्हणालो. जेवलो नव्हतो खरं तर. नोटिशीच्या काळजीने सकाळपासून पोटात काही गेलं नव्हतं. पण आईला जे उत्तर द्यायचो तेच तोंडून निघालं.

"तुला आत्ता फोन करायला काय झालं?" तो म्हणाला. "थांब, तुझ्याकडे तर संध्याकाळ झाली असेल. मी स्वयंपाकघरात जाऊन बघतो."

"काय बघतोस?"

"तुझं घड्याळ." चपला घासत चालल्याचा आवाज आला. "मी जिथे जिथे राहिलो तिथे स्वयंपाकघरात लावलंय. बायको लग्न झाल्यावर म्हणाली, हे कुणाचं? मी म्हटलं, एका मुलाचं. आम्हा सगळ्यांची घड्याळं तो चालू ठेवायचा आणि त्याचं एकट्याचं भिंतीवर नव्हतं. मला ते तेव्हाही बरं वाटलं नव्हतं. हां, दिसलं. तुझ्याकडे पाच वाजून सत्तावीस मिनिटं झालीत."

साहेबांनी आपल्या मनगटाकडे बघितलं. "चूक," ते म्हणाले. "पाच वीस झालेत. सात मिनिटं पुढे आहे."

मी भिंतीला टेकलो आणि लहान मुलासारखा रडलो, पालिकेच्या अधिकाऱ्यासमोर आणि बँकवाल्या काकांसमोर. फोनमधून शिंकरा ओरडत होता, "बरोबर आहे ना? दरवेळी सेल बदलला की मी सात मिनिटं पुढे करतो. शाळेच्या दारावरच्यासारखं!"

सात मिनिटांची हकिकत साहेबांना बायकोने सांगितली. तिला ती माझ्यापेक्षा चांगली येते, हे मला त्या दिवशी कळलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला, आणि लिहिलं: 'सदर जागेत व्यवसाय आढळला नाही. भिंतीवर मित्र आहेत.' मग दुसरं वाक्य सरकारी वाटेना म्हणून खोडलं. जाताना दारात थांबून म्हणाले, "तो सिग्नल तुम्हीच लावलाय म्हणे." मी मान खाली घातली. "थोडा कमी करता आला तर बघा," ते म्हणाले आणि जिना उतरले.

रविवारी शिंकऱ्याचे काटे मी त्याच्या नव्या गावावर आणले. बाकीच्या दहा जणांनाही फोन लावायचे आहेत; लंबूने उचलला, चिंगीचा लागत नाही. ते काम सावकाश चाललं आहे. पण त्याआधी बायको बाजारात जाऊन एक नवं घड्याळ घेऊन आली, साधं, पांढऱ्या चकतीचं. बँकवाल्या काकांनी आपलं ड्रिल आणलं. स्क्रू त्यांनीच निवडला, मुद्दाम लांब; त्यांना बाराव्या खुंटीची गरज होती.

घड्याळ लावून झाल्यावर मेहुण्याने त्याकडे बघितलं, मग आपल्या मोबाइलकडे.

"भाऊजी, हे सात मिनिटं पुढे आहे."

"असू दे," बायको म्हणाली. "ते यांचं आहे."